तंजावरचे सरफोजी राजे

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर येथे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्याच वंशातील तुळजाजी राजांना वारस नव्हता. सन १७८७ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी भोसले घराण्यातीलच नऊ वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याची काळजी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकावर सोपवली. थोड्याच दिवसांत राजे वारले.

आता गादीवर कोणी बसावे? तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग हक्क सांगत होते. निर्णय मात्र ना प्रजेच्या हाती होता, ना दरबाराच्या. तो मद्रासच्या इंग्रज गव्हर्नराच्या हाती गेला होता. त्याने पंडितांचे मत मागवले. मुलगा आपल्या पित्याचा एकुलता एक आहे, त्याचे दत्तकाचे वय उलटले आहे आणि राजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, असे आक्षेप निघाले. दत्तक अवैध ठरला आणि अमरसिंग राजे झाले.

त्यांच्या राजवटीत सरफोजीचे हाल झाले. शिक्षणही थांबले. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवले. तेथे त्याने इंग्रजीचा व पाश्चात्त्य विद्यांचा अभ्यास केला. पुढे गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी काशीच्या व बंगालच्या पंडितांना विचारले. त्यांनी दत्तक वैध ठरवला. शास्त्र तेच, प्रश्नही तोच. उत्तर मात्र उलटे आले. १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. ते पाहण्यास श्वार्ट्झ नव्हते. फेब्रुवारीतच त्यांचे निधन झाले होते.

या न्यायाची किंमत पुढच्याच वर्षी चुकवावी लागली. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

उरलेल्या साधनांनिशी राजांनी विद्येची उपासना केली. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या नीतिकथा 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या. धन्वंतरी महालात औषधोपचार होत. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी आजही उपलब्ध आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी काशीयात्रेतूनही त्यांनी ग्रंथ आणले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राज्य हातचे गेल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजांचे निधन झाले.