शाहीर अमर शेख : बार्शीचा पहाडी आवाज

बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला आमच्या भूम तालुक्यातील माणसे आजही बार्शी गाठतात. याच बार्शीने महाराष्ट्राला एक पहाडी आवाज दिला, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. ते मला सांगितले माझ्या आजोबांनी. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकले आहे, आणि त्या ऐकण्याची किंमतही मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. घरी अठरा विश्वे दारिद्र्य. पण आई मुनेरबी हिच्या ओठांवर जात्यावरची गाणी होती. शाहिराची पहिली शाळा हीच म्हणावी लागेल. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत काम केले. त्या वेळी आमचे भूम निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी मुलखात. बार्शीत गिरण्यांचे भोंगे वाजत, कामगारांच्या सभा होत, संप होत. मेहबूब या संपांत उतरला आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन पडला. तेथे त्याला साम्यवादी विचारांची माणसे भेटली. तुरुंगातून बाहेर आला तो पक्का कामगार कार्यकर्ता होऊनच!

पुढे ते कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत गेले. अमर शेख हे नाव तिथलेच. सिनेमाच्या दुनियेत ते रमले असते तर कदाचित नटही झाले असते; पुढे काही मराठी चित्रपटांत त्यांनी कामे केलीच. पण त्यांचा रंगमंच वेगळा होता. गिरणगावातले चौक, चाळींची पटांगणे, खेड्यातले पार. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची लेखणी, गव्हाणकरांची साथ आणि अमर शेखांचा गळा! तमाशातला गण-गवळणीचा साचा बदलून त्यांनी तेथे शेतकरी, मजूर आणि सावकार आणून उभे केले. सरकारला हे मानवले नाही. कलापथकावर बंदी आली. परंतु गाण्यावर बंदी घालता येते, ऐकलेले गाणे लोकांच्या मनातून कसे काढणार?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर हा आवाज घराघरांत पोहोचला. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून लाखोंच्या सभांनी ऐकली. पुढाऱ्यांची भाषणे सुरू होण्याआधी ते डफ घेऊन उभे राहत आणि सभा ताब्यात घेत. १०६ जणांचे बलिदान झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. गोवामुक्तीच्या लढ्यासाठीही ते गायले. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्कीशी केली. मी मायकोव्हस्की वाचलेला नाही. पण अमर शेख हे नुसते गायक नव्हते, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह त्यांच्या नावावर आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

आता आबांची गोष्ट. १९६५ च्या लढाईनंतरचे ते दिवस. आबा सातवी पास झाले होते. पुढे भूमला हायस्कुलात घालायचे म्हणून पणजोबांनी तुरीची पोती बैलगाडीत घातली आणि बाप-लेक बार्शीच्या आडतीला आले. माप दुसऱ्या दिवशी होणार होते. रात्री पणजोबा आडत्याकडे गेले आणि आबांना गाडीजवळ राखणीला बसवले. तेवढ्यात लांबून डफ वाजला. अमर शेखांचे गाणे आहे असे कोणीतरी सांगितले. थोडेसे ऐकून येऊ म्हणून आबा गेले आणि गर्दीच्या अगदी शेवटी, एका भिंतीवर चढून बसले. आबा सांगतात, लाऊडस्पीकर मध्येच बंद पडला, तरी शाहीर थांबले नाहीत. आणि शब्द भिंतीपर्यंत जसेच्या तसे येत राहिले. मानेवर रुळणारे केस, कानावर हात, आणि घामाने चिंब झालेला सदरा. आबा परत आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गाडीतले एक पोते गेले होते.

पणजोबांनी मारले नाही. गावी आल्यावर त्यांनी आबांच्या हातात कासरा दिला. हायस्कूलचा विषय पुन्हा घरात निघाला नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तो असा मधली एक पिढी सोडून.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. त्यानंतर दीड महिनाही झाला नाही तोच, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघे बावन्न. मुलगी मलिका तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे ती मराठीतली नामवंत कवयित्री झाली. मुंबई विद्यापीठात शाहिरांच्या नावाने अध्यासन आहे. आबांना मात्र ही बातमी चार दिवसांनी पाळीच्या वेळी बांधावर कळली.

या दिवाळीत मी त्यांना विचारले, त्या पोत्याचे वाईट वाटते का? आबा म्हणाले, वाटते. पण गाणे अर्धे सोडून आलो असतो तर तेही वाटलेच असते. मग मी मोबाईलवर शाहिरांचे म्हणून मिळालेले एक गाणे लावले. त्यांनी ते कानाशी धरून ऐकले आणि आवाज तोच आहे, पण फार लहान झालाय असे म्हणाले. मला त्यांनी मोबाईल घेऊन गोठ्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायला सांगितले. भिंत तेवढ्या अंतरावर होती म्हणे. मी गेलो, आवाज पूर्ण मोठा केला. आबा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी हात हलवून विचारले, लावलेस का?