राजर्षी शाहू महाराज आणि मुस्लिम समाजातील दानाची बदलती वाट



२६ जून जवळ आला की आपण सगळेच शाहू जयंतीची भाषणं लिहून द्यायला बसतो. आरक्षण, राधानगरी धरण, कुस्ती, खासबाग मैदान हे मुद्दे ठरलेले असतात. यंदा मी एक वेगळा मुद्दा घेतलाय. तो मला माझ्या वर्गातल्या एका मुलीने दिला.

रमजानचे दिवस होते. वर्गात दान या विषयावर गप्पा चालल्या होत्या. ती मुलगी उठून सांगू लागली. तिची दादी दर्ग्यात जाऊन पैसे ठेवते, दारात आलेल्याच्या हातावर धान्य घालते. तिचे वडील तेच पैसे एखाद्या मुलाच्या फीसाठी द्यावेत म्हणतात. मोठा भाऊ तर मोबाईलवरूनच पाठवतो. यावरून घरात वाद होतो. मग तिने मलाच विचारलं, की यातलं खरं दान कुणाचं? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुढे शाहू महाराजांचं चरित्र पुन्हा वाचताना ते सापडलं.

आधी थोडी माहिती

मुलांना शिकवण्याआधी आपल्याला चार शब्द माहीत हवेत. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या आणि वर्षभर टिकलेल्या संपत्तीतून द्यायचा अडीच टक्के वाटा. ती ऐच्छिक नसते, ऐपत असणाऱ्यावर बंधनकारक असते. ती कुणाला द्यायची याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद होते. सदका आपल्या मनाने, केव्हाही देता येतो. वक्फ म्हणजे जमीन किंवा मालमत्ता कायमची धर्मकार्याला वाहून टाकणे. ती विकायची नाही, फक्त तिचं उत्पन्न वापरायचं.

बालपण आणि राज्यारोहण

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. आईचं छत्र लहानपणीच हरपलं. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते शाहू छत्रपती झाले. शिक्षण राजकोट आणि धारवाड इथे झालं. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

बोर्डिंगांची सुरुवात

कारभार हाती आल्यावर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. खेड्यातला मुलगा हुशार असला तरी पुढे शिकायला त्याला कोल्हापुरात यावं लागतं. इथे राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? अनेक मुलं या अडचणीपायी शाळा सोडत होती. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली.

मुस्लिम समाज शिक्षणात मागे होता. महाराजांनी आधी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. १९०६ साली त्यांनी कोल्हापुरातल्या मुस्लिम मंडळींना एकत्र केलं आणि मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. एखाद्या समाजाच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष दुसऱ्या धर्माचा राजा, ही गोष्ट आजही मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. तेच आपलं दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग.

जुन्या दानाला नवी वाट

आता मुख्य मुद्दा. बोर्डिंग चालवायला पैसा लागतो. संस्थानात दर्गे आणि मशिदी होत्या, त्यांच्याकडे उत्पन्न होतं. आधीच्या पिढ्यांनी श्रद्धेने दिलेलं ते दान. त्यातून दिवाबत्ती, उरूस, अन्नदान चालायचं. महाराजांनी अशा काही धर्मस्थळांचं उत्पन्न बोर्डिंगकडे वळवलं. दरबारातूनही जागा आणि मदत दिली.

मित्रांनो, इथे जरा थांबून विचार करा. आजोबांनी दर्ग्यासाठी दिलेलं दान त्यांच्या नातवाच्या पाटी-पुस्तकाला आणि दोन वेळच्या जेवणाला उपयोगी पडलं. आजोबांचं दान वाया गेलं नाही, चुकीचंही ठरलं नाही. दान तेच होतं, गरज बदलली होती. त्यांच्या काळात वाटसरूला भाकरी आणि अंधारात दिवा हवा होता, नातवाच्या काळात शाळा हवी होती.

कुराण सामान्य माणसाला मराठीतून वाचता यावं म्हणून त्याच्या भाषांतरासाठीही महाराजांनी पैसा दिला. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त सत्तेचाळीस.

शंभर वर्षांनंतर

ही वाट तिथेच संपली नाही. २०२० साली कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये रमजान आला. आपल्याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात आणि दानातून ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, मुख्यमंत्र्यांनी त्याचं ऑनलाईन उद्घाटन केलं. खाटेवर येणारा रुग्ण कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच नव्हता.

वर्गात काय सांगाल?

त्या मुलीला मी नंतर एवढंच सांगितलं, की तुझ्या घरात तिघंही बरोबर आहेत. दादी देते तेव्हा तिला घेणाऱ्याचा चेहरा दिसतो. कुणाला किती दिलं याचा ती गाजावाजा करत नाही. हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. वडील पुढच्या दहा वर्षांचा विचार करतात. भाऊ लांबच्या माणसापर्यंत पोचतो, पण त्याने एकदा दादीबरोबर दारातही उभं राहावं. आणि दादीला कुणीतरी शांतपणे बसून सांगावं, की फी भरल्यावर तो मुलगा आता कितवीत आहे.

पालकहो, हा प्रश्न एकाच समाजाचा नाही. देवळात अभिषेक घालायचा की शाळेला बेंच द्यायचे, यावरून आपल्याही घरात कुरबुर होतेच की. यंदाच्या जयंतीला मुलांना घरी एक प्रश्न विचारायला सांगा : आपल्या आजी-आजोबांनी कधी, कुणाला, काय दिलं होतं? उत्तरं वहीत लिहून आणू द्या. भाषणापेक्षा ही वही जास्त दिवस टिकेल.