रुक्मिणीदेवी अरुंडेल

चैत्र-वैशाखात शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील रस्ते दुपारी तापून निघतात. पारा ३७ अंशांच्या वर गेला, की दुपारी १२ ते ३ या वेळात बैलाला गाडीस जुंपून ठेवू नये, असा नियम आपल्या देशात १९६५ पासून आहे. हा नियम १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातून निघाला. याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती थांबविल्या होत्या. पुढे राज्याने त्यात केलेली दुरुस्ती २०२३ मध्ये मान्य झाली आणि शर्यतींचा मार्ग अटींसह मोकळा झाला. शिरूरच्या मुलांना हा कायदा बैलांमुळे ठाऊक असतो. परंतु त्यात आणखी एका प्राण्याची दखल घेतलेली आहे. तो शेतात दिसत नाही, रस्त्यावरही आढळत नाही. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात त्याचे सारे आयुष्य जाते. हा कायदा व्हावा म्हणून ज्यांनी कित्येक वर्षे चिकाटीने प्रयत्न केले, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल व्यवसायाने नर्तकी होत्या, ही गोष्ट मोठी नवलाची वाटते.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई या प्राचीन नगरीत झाला. त्यांचे वडील नीलकंठ शास्त्री हे संस्कृतचे जाणकार असून थिऑसॉफिकल सोसायटीचे अनुयायी होते. त्यामुळे कुटुंब मद्रासजवळील अड्यार येथे राहावयास आले आणि अॅनी बेझंट यांच्यासारख्या थोर व्यक्तींचा सहवास रुक्मिणीदेवींना लहानपणीच लाभला. १९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थांशी विवाह केला. त्या काळी या विवाहाने केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

पुढे अॅना पाव्हलोव्हा या जगप्रसिद्ध रशियन नर्तकीशी त्यांचा स्नेह जुळला आणि नृत्याची ओढ लागली. भरतनाट्यम या नावाने आज ओळखले जाणारे नृत्य तेव्हा समाजात हीन लेखले जाई. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने ते शिकणे लोकांना रुचणारे नव्हते. तरीही मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्यासारख्या गुरूंकडे शिकून रुक्मिणीदेवींनी १९३५ मध्ये अड्यार येथे ते लोकांसमोर सादर केले. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कलाजीवनाची कहाणी पुष्कळ मोठी आहे. ती स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहे.

१९५२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. कलावंत म्हणून मिळालेल्या या आसनाचा उपयोग त्यांनी मुख्यतः मुक्या जनावरांसाठी केला. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा तेव्हाचा कायदा १८९० सालचा, इंग्रजी अमलातला होता. तो फारच अपुरा पडे. १९५३ मध्ये रुक्मिणीदेवींनी नव्या कायद्याचे विधेयक स्वतः राज्यसभेत मांडले.

त्या वेळी आपल्या देशातून दरवर्षी लाखाहून अधिक माकडे परदेशी पाठविली जात. रानात टोळीने हिंडणारी, एकमेकांच्या अंगावरील केस निरखीत तासन्‌तास बसणारी ही माकडे दाटीवाटीने पेट्यांत कोंबली जात. प्रवासात कित्येक मरत. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर भारतातून आलेली शेकडो माकडे गुदमरून मेली, तेव्हा सरकारलाही ही निर्यात काही काळ थांबवावी लागली.

पण ही माकडे जात कशासाठी? त्यांतील पुष्कळ पोलिओच्या लशीसाठी जात. १९५५ मध्ये वापरात आलेली ही लस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर विषाणू वाढवून तयार केली जाई, आणि तिने असंख्य मुलांना पांगळेपणापासून वाचविले. आपल्या महाराष्ट्रालाही असे ऋण आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वॉल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी सशांवर पारखली आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तेव्हा माणसाचे मूल वाचवावे की माकडाचे हाल थांबवावेत, असा हा पेच होता. कोणत्याही एका बाजूला ढकलून तो सुटण्यासारखा नव्हता.

राज्यसभेत रुक्मिणीदेवींनी प्राण्यांची बाजू कळकळीने मांडली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना तिच्याविषयी सहानुभूती होती. परंतु असा व्यापक कायदा सरकारनेच आणावा असे त्यांचे मत पडले. तसे आश्वासन मिळाल्यावर रुक्मिणीदेवींनी आपले विधेयक मागे घेतले. स्वतः रचलेली गोष्ट अशी बाजूला ठेवणे सोपे नव्हे. सरकारी कायदा आपल्या मनासारखा उतरेलच असे नाही, हे त्यांना कळत होते. तो यावयास १९६० साल उजाडले. त्यात ज्ञानासाठी आणि रोगनिवारणासाठी होणाऱ्या प्रयोगांना मुभा ठेवलेली होती. मात्र अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद होती. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये असे सांगितले होते. आणि प्रयोगासाठी ठेवलेल्या प्राण्यांची प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतरही नीट निगा राखली पाहिजे, असेही त्यात लिहिलेले होते. १९६२ मध्ये प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९६४ मध्ये प्रयोगांवरील देखरेखीची समितीही नेमली गेली.

नीट निगा म्हणजे काय? चारा, पाणी आणि स्वच्छ पिंजरा दिला की झाले, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. गाईगुरे पाळणाऱ्या घरातील मुलाला हे पटणार नाही. कळपातून तोडून एकटेच बांधलेले वासरू पुढ्यात वैरण असूनही हंबरत राहते, हे त्याने पाहिलेले असते. शास्त्रज्ञांनाही हळूहळू हेच दिसू लागले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी प्रयोगशाळेतील काही उंदीर घरी नेले आणि आपल्या मुलींना पाळावयास दिले. ते उंदीर घरभर हिंडत, नव्या वस्तू हुंगत, खेळत. पुढे वाट शोधण्याच्या कोड्यांत हेच उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा हुशार ठरले. हेब यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. माकडांची गोष्ट तर याहून करुण आहे. एकाकी कोंडलेले माकड एका जागी झुलत राहते, कधी स्वतःच्याच हाताला चावते. अशा दुःखी, भेदरलेल्या प्राण्यावर केलेल्या प्रयोगाचे उत्तरही भरवशाचे नसते. प्राण्याचे हित आणि शास्त्राचे हित येथे एकाच वाटेवर येतात. राज्यसभेत ते एकमेकांच्या विरुद्ध उभे असल्यासारखे दिसत होते.

१९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतिपदासाठी विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मंडळाचे आणि कलाक्षेत्राचे काम त्यांना अधिक जवळचे होते. १९७८ मध्ये माकडांची निर्यात सरकारने बंद केली. पंचवीस वर्षांपूर्वी मांडलेली त्यांची एक मागणी अशी त्यांच्या डोळ्यांदेखत पुरी झाली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर प्राणिकल्याण मंडळाची धुरा त्यांच्याचकडे होती.

प्रयोगशाळांविषयीचे सविस्तर नियम मात्र १९९८ मध्ये झाले. त्यांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक प्रयोगाची गरज समितीपुढे पटवून द्यावी लागते. कळपाने राहणारा प्राणी शक्यतो सोबत्यांसह ठेवावा, हे आता सर्वत्र मानले जाते. चांगल्या प्राणिगृहात माकडाला चढावयास फांदी व बसावयास उंच दांडी असते, सशाला कुरतडण्यास लाकूड मिळते. उंदरांच्या पिंजऱ्यात कागदाचे किंवा कापसाचे तुकडे टाकतात. रात्रभर ते तुकडे दातांनी पिंजून उंदीर त्यांचे गोल घरटे करतात आणि सकाळी त्यात एकमेकांना बिलगून झोपलेले दिसतात.