महाडची फिर्याद ते कलम २२ : बाबासाहेब आणि पोलीस ठाण्याची पायरी

कोपर, दिवा, डोंबिवलीच्या एखाद्या वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्याला फोन येतो. साहेबांनी बोलावलंय, ठाण्यात येऊन जा. कशासाठी ते सांगत नाहीत, हातात कागद देत नाहीत. आई घाबरते. मित्र म्हणतात जाऊ नकोस, वडीलधारे म्हणतात हात जोडून परत ये. मोर्चाच्या, मिरवणुकीच्या दिवसांत असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. त्या वेळी काय करायचे, याचा धडा बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. जयंतीला आपण त्यांच्या पदव्या मोजतो. पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि कोर्ट यांच्याशी ते कसे वागले, हे मात्र आपण फारसे वाचत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेले भीमराव लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. राहायला परळची चाळ, कचेरी दामोदर हॉलमध्ये. अस्पृश्य वकिलाकडे काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे पक्षकार बहुतेक गरीब, अडलेले. या कचेरीत त्यांनी कायदा खालच्या बाजूने पाहिला. फौजदारी कोर्टात गरिबावर काय गुदरते, हे त्यांना पुस्तकाबाहेरही कळले.

१९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या साथीदारांवर बदनामीचा फौजदारी खटला झाला. खालच्या कोर्टात त्यांना शिक्षा लागली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. पुस्तकाची भाषा जहाल होती, पण खटला कायद्याच्या मुद्द्यावर लढला गेला. खालच्या कोर्टात हरल्यावर खचायचे नसते, वर दाद मागायची असते, हे चळवळीने तिथे पाहिले.

मग महाड आले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता, म्हणजे पाणी पिणे बेकायदा नव्हते. तरीही हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. जेवायला बसलेल्या, गावाकडे निघालेल्या माणसांना मारहाण झाली. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. स्थानिक अधिकाऱ्यांना जमाव आवरला नाही.

परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोकही होते. बाबासाहेबांच्या एका शब्दावर ते उलट चालून गेले असते. तो शब्द त्यांनी दिला नाही. आपल्या माणसांना शांत ठेवून ते जखमींकडे गेले, काय घडले याची माहिती गोळा केली, फिर्याद होईल हे पाहिले आणि मगच मुंबईला परतले. जूनमध्ये जिल्हा मॅजिस्ट्रेटने पाच हल्लेखोरांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. उलट हल्ला झाला असता तर दोन्हीकडचे लोक आरोपी झाले असते आणि आधी मार कोणी खाल्ला हे सिद्ध करत वर्षे गेली असती. त्या दिवशीचा संयम पुढे कोर्टात उपयोगी पडला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा महाडला जमायचे ठरले. विरोधकांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायला हजारो लोकांनी नावे नोंदवली होती, रक्त तापलेले होते. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, असा निर्णय लोकांना पटवून दिला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून परतले. हा निर्णय अनेकांना कडू लागला.

दाव्याचा निकाल १९३१ मध्ये आपल्या बाजूने लागला. विरोधक अपिलात गेले ते ठाण्याच्या कोर्टात. कोपरच्या फलाटावरून लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत आपण ज्या ठाण्यात उतरतो, तिथेच १९३३ मध्ये चवदार तळ्याचा निकाल कायम झाला. मग उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी तिथेही विरोधक हरले. अस्पृश्यांना तळे बंद असण्याची अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. पाणी प्यायल्याला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते. कायद्याचा रस्ता लांब आहे, हे बाबासाहेबांइतके कोणी भोगले नसेल. तरी त्यांनी एकही तारीख वाया जाऊ दिली नाही.

याच काळात, १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाबद्दल विधेयक मांडले. वतनदार महाराला सरकारी माणसाने रात्री-अपरात्री हाक मारली की धावावे लागे. काम किती, कोणाचे, मोबदला काय, याला धरबंध नव्हता. विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले, आणि वतने गेली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ च्या कायद्याने. कागदाविना आलेल्या हाकेवर धावत जाण्याची सवय आपल्या समाजात किती जुनी आहे, हे यावरून कळते.

पोलिसांविषयी बाबासाहेब भाबडे नव्हते. त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या लिखाणात त्यांनी स्पष्ट मांडले आहे की गावातला पोलीस आणि मॅजिस्ट्रेट हाही समाजातूनच येतो, त्या समाजाचे पूर्वग्रह घेऊनच खुर्चीत बसतो, आणि म्हणून अस्पृश्याची तक्रार तिथे अडते. सायमन कमिशनपुढच्या निवेदनात पोलीस दलात अस्पृश्यांची भरती व्हावी अशी मागणी होती ती याचसाठी. यंत्रणा पक्षपाती असू शकते हे गृहीत धरूनच त्यांनी तिच्याशी लढायची हत्यारे शोधली.

त्यातले सर्वांत मोठे हत्यार त्यांनी घटनेत घातले. कायद्याच्या उचित प्रक्रियेची हमी देणारे शब्द घटना समितीने वगळले आणि कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेवरच भागवले. अटकेचे सारे अधिकार संसदेच्या मर्जीवर सोडल्याची टीका झाली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. अटक झालेल्याला कारण सांगायचे, त्याला वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचे. या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितले. पण साधा कायदा बहुमताने बदलता येतो. घटनेत गेलेला हक्क सरकारला सहज काढून घेता येत नाही. तेच आजचे कलम २२. याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची सोयही राहिली आणि स्थानबद्धाला हे संरक्षण पूर्ण मिळत नाही. त्यावर तेव्हाही सभागृहात कडक टीका झाली होती. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग देणारे कलम ३२ मात्र बाबासाहेबांना साऱ्या घटनेचा प्राण वाटत होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यांनी आखलेली वाट आज कायद्यात कुठवर आली आहे, हे प्रत्येक तरुणाला पाठ असायला हवे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. पुढची कलमे तिचीच आहेत.

बोलावणे आले तर लेखी मागा. साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी आदेशानेच बोलावता येते. स्त्रियांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, साठीच्या पुढच्या पुरुषांना, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींना साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. चौकशी घरी येऊन करावी लागते. संशयिताला अटक न करता बोलवायचे तर कलम ३५(३) ची नोटीस लागते. ती आली तर टाळू नका. हजर राहणाऱ्याला पोलीस लेखी कारण नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करू शकत नाहीत. गैरहजर राहिलात तर अटकेचे कारण तुम्हीच दिले असे होते. एकटे जाऊ नका. जाण्याआधी वकिलाला आणि घरी वेळ कळवून ठेवा.

जबाबावर सही करू नका. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असे कलम १८१ सांगते. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही, हा घटनेच्या कलम २०(३) चा हक्क आहे. त्यासाठी उद्धट व्हायची गरज नाही. शांतपणे, वकिलाशी बोलून सांगतो, एवढे पुरते.

अटक झाली तर कारण विचारा. अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर व्हायला हवा, नातेवाइकाला कळवले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे बंधनकारक केले आणि आता ते कायद्यात आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, जरी तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला. मारहाण झाली असेल तर डॉक्टरला सांगा आणि मॅजिस्ट्रेटलाही सांगा. पहिल्याच दिवशी नोंद झालेली जखम नंतर नाकारता येत नाही. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. प्रसंग घडला तर चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे. शांतता राखण्याचे हमीपत्र घेण्याची ती कारवाई असते. नोटिशीला लेखी उत्तर देता येते, वकील लावता येतो. तडीपारीची नोटीस आली तरी म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते आणि हुकूम झालाच तर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते.

ठाणे अंमलदाराने तक्रार घेतली नाही, तर ती टपालाने वरिष्ठांकडे पाठवा आणि पोच जपा. तिथेही दाद लागली नाही तर कल्याण कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलीस आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडेही नेता येते. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना हा दर्जा १९९० पासून मिळालेला आहे. त्यामुळे जातीचा दाखला काढून ठेवा. खोटी फौजदारी केस करणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, पण त्यासाठी दाखला हातात लागतो.

हे सगळे कागदावरचे आहे, असे कोणी म्हणेल. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला. त्याच्या आईने अर्ज सोडला नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. मुलगा परत आला नाही. पण प्रकरण दाबता आले नाही, ते त्या माउलीने हातात धरलेल्या कागदामुळे.

प्रत्येक बुद्धविहारात भिंतीवर तीन फोन क्रमांक लावा : जवळचा वकील, विधी सेवा आणि रात्री-अपरात्री सोबत ठाण्यात येईल असा एक कार्यकर्ता. येत्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास कलम २२ मोठ्याने वाचा. महाडला बाबासाहेबांसोबत हजारो लोक होते. ठाण्याच्या पायरीवर आपल्या पोरासोबत निदान दोन माणसे तरी असलीच पाहिजेत.

जय भीम.