इमाम गझाली (रह.) आणि उद्याची चिंता

हिजरी 488 च्या रजबपासून, म्हणजे इ. स. 1095 च्या उन्हाळ्यापासून, बगदादच्या निजामिया मदरशातील सर्वांत नामवंत उस्तादांचे मन थाऱ्यावर नव्हते. सुमारे सहा महिने ही घालमेल चालली. अखेर एक दिवस दर्स देताना त्यांची जीभच वळेनाशी झाली. समोर तीनशे विद्यार्थ्यांचा वर्ग असे, आणि उस्तादांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढे अन्नही उतरेना. हकिमांनी नाडी पाहून हात टेकले. दुखणे अंतःकरणातले आहे, मनावरचा भार उतरल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही, असे त्यांचे निदान होते.

वाचकहो, हे उस्ताद म्हणजे इमाम अबू हामिद गझाली (रह.). त्या वेळी त्यांचे वय जेमतेम सदतीस-अडतीस होते. ज्याच्याजवळ पद, मान, संपत्ती आणि विद्या सर्व काही आहे त्याला कसली काळजी, असे आपणास वाटेल. परंतु गमावण्यासारखे पुष्कळ असणाऱ्याचीच झोप अधिक उडते, हा आपल्याही घरांतला अनुभव नाही काय?

त्यांचे बालपण मात्र अभावातले. खुरासानातील तूस येथे इ. स. 1058 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लोकर कातून विकत, असे चरित्रकार सांगतात. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी आपल्या दोन मुलांना थोड्याशा पैशांसह एका सूफी मित्राच्या हवाली केले. पैसे संपले, मित्र स्वतः गरीब. त्याने मुलांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला, कारण तेथे निदान पोटाची सोय होती. भाकरीसाठी धरलेली ही वाट पुढे निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्या शिष्यत्वापर्यंत आणि इ. स. 1091 मध्ये वज़ीर निजामुल्मुल्क यांच्या कृपेने बगदादच्या त्या गादीपर्यंत पोहोचली. दुसऱ्याच वर्षी या वज़ीराची हत्या झाली आणि पाठोपाठ सुलतान मलिकशाहही वारले. राजाश्रय किती टिकतो, हे गझालींनी डोळ्यांनी पाहिले. काही इतिहासकार त्यांच्या व्याकुळतेचे मूळ या राजकीय भयातच शोधतात. मला ते अपुरे वाटते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली हकीकत वेगळी आहे.

आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तर त्यांना सुखावणारे नव्हते. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय व्हावा आणि संध्याकाळी तो मोडावा. मन बजावी की ही लहर आहे, ओसरून जाईल. एवढे निर्वेध पद एकदा सोडले तर पुन्हा मागूनही मिळणार नाही. उद्याची भीती नेहमी याच स्वरात बोलते. शेवटी आपले काही चालत नाही हे ओळखून, दुसरा कोणताच आधार न उरलेल्या माणसाप्रमाणे ते अल्लाहसमोर झुकले, आणि मग पद सोडणे सोपे झाले.

जिल्कद महिन्यात ते निघाले. लोकांना मक्केचे नाव सांगितले, मनात दमास्कस होते. येथे एक तपशील जपून वाचावा. त्यांनी संपत्ती वाटून टाकली खरी, पण मुलाबाळांच्या उदरनिर्वाहापुरते राखून ठेवले. भरवसा अल्लाहवर होता, म्हणून लेकरांना वाऱ्यावर सोडले नाही.

सुमारे दोन वर्षे ते शाम देशात राहिले. दमास्कसच्या जामे मशिदीच्या मिनारात दार लावून दिवस दिवस इबादत करीत. जेरुसलेमला गेले, अल-खलील येथे हज़रत इब्राहीम (अ.) यांच्या मजारीजवळ त्यांनी राजदरबाराची पायरी न चढण्याचा आणि राजाचे धन न घेण्याचा निश्चय केला, मग हज केला. पुढे मुलांच्या ओढीने मायदेशी परतले.

या एकांतवासाच्या वर्षांतला त्यांचा महाग्रंथ म्हणजे ‘इह्या उलूमिद्दीन’. त्यात तवक्कुलवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तवक्कुलच्या नावाखाली हातपाय गाळून बसणाऱ्यांना ते मुळीच सोयीचे नाही. ताट समोर असताना हात न लावणे, पेरणी न करता पिकाची वाट पाहणे, याला गझाली भरवसा नव्हे, वेडेपणा समजतात. घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावावे. मात्र चोरी झालीच तर अल्लाहच्या निर्णयावर राजी असावे. एकटा माणूस भूक सोसू शकेल, पण बायकामुलांवर ती लादण्याचा त्याला अधिकार नाही. कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य साठवल्याने तवक्कुल भंगत नाही, कारण प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही घरच्यांसाठी तशी तरतूद केली होती. मग भरवसा राहतो कोठे? तो अंतःकरणात. हात घासाकडे जातो, तेव्हा तो हात आणि तो घास कोणाचा आहे, याची जाणीव असण्यात. हात क्षणात लुळा पडू शकतो. तेव्हा विसंबायचे ते हातावर नव्हे, हात देणाऱ्यावर. अगदी दूरच्या, केवळ कल्पनेतल्या संकटांसाठी आखलेले बेत मात्र ते तवक्कुलच्या विरुद्ध मानतात. आपल्या किती रात्री या शेवटच्या प्रकारात जातात, हे ज्याचे त्याने मोजावे.

इ. स. 1106 मध्ये वज़ीराच्या आग्रहावरून त्यांनी निशापूरला काही काळ पुन्हा शिकवले, नंतर तूसला घराशेजारी विद्यार्थी आणि सूफी साधकांसाठी जागा केली. 14 जमादिउस्सानी 505, म्हणजे 18 डिसेंबर 1111 रोजी त्यांचे निधन झाले. त्या पहाटे वुज़ू करून त्यांनी नमाज पढली, कफन मागवून डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे पाय पसरून ते निजले, असे त्यांच्या भावाने सांगितले आहे. मागे फक्त मुली होत्या. धन देऊ करणारे अनेक होते, पण ते त्यांनी घेतले नाही. वारशाने आलेले आणि स्वतः मिळवलेले त्यांच्याजवळ जे होते, ते घरच्यांना पुरेसे होते.