बाल्कार्सेचा सारथी

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात बाल्कार्से नावाचे एक लहान गाव आहे. भोवती टेकड्या आणि बटाट्याची विस्तीर्ण शेते. देशाची राजधानी ब्वेनोस आयरेस तेथून बरीच दूर. या गावी २४ जून १९११ रोजी हुआन मॅन्युएल फान्जिओ याचा जन्म झाला. पोटासाठी इटली सोडून आलेल्या असंख्य कुटुंबांपैकीच त्याचे कुटुंब होते. वडील बांधकामावर राबत आणि घरात सहा मुले. अशा घरी मुलगा लवकर हाताशी यावा, असे वाटणे स्वाभाविकच होते. फान्जिओची शाळा लहानपणीच सुटली व तो मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला.

तेथे जे शिक्षण त्याला मिळाले, तेच पुढे जन्मभर त्याच्या उपयोगी पडले. इंजिनाचा कोणता भाग किती ताण सोशील, तो कुरकुरू लागला म्हणजे नेमके काय दुखते, हे त्याला कानाने कळू लागले. ऐन तारुण्यात न्यूमोनियाच्या आजाराने तो अंथरुणास खिळला. आईच्या शुश्रूषेने वाचला. पुढे मित्रांच्या साहाय्याने त्याने गावातच स्वतःचा कारखाना काढला. १९३६ साली टॅक्सी म्हणून वापरात असलेली एक फोर्ड मोटार घेऊन तो पहिल्या शर्यतीत उतरला. ती शर्यत काही त्या मोटारीला पुरी करता आली नाही. पण फान्जिओला मार्ग सापडला.

त्या काळच्या तिकडील शर्यती म्हणजे धूळ, चिखल आणि दरडी यांतून केलेला प्रवासच असे. वाटेत मोटार मोडली, तर चालक व त्याचा सोबती यांनीच ती दुरुस्त करावयाची. बाल्कार्सेच्या लोकांनी पैसा उभा करून आपल्या या तरुणाला शेव्हरोले मोटार मिळवून दिली आणि १९४० साली ब्वेनोस आयरेसहून पेरू देशातील लिमा शहरी जाऊन परत येण्याची, नऊ हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची शर्यत त्याने जिंकली. अँडीज पर्वताच्या विरळ हवेत माणसे आणि यंत्रे दोन्ही धापा टाकीत. अशा वाटेवर नुसता वेग कामाचा नाही; यंत्राला जपावे लागते. कारखान्यात वाढलेल्या फान्जिओला हे सांगावे लागले नाही.

मात्र याच वाटांनी त्याला एक मोठे दुःखही दिले. १९४८ साली पेरूमध्ये रात्रीच्या शर्यतीत त्याची मोटार रस्ता सोडून खाली कोसळली आणि त्याचा सोबती व मित्र डॅनिएल उरुतिया मरण पावला. शर्यती कायमच्या सोडाव्यात, असे तेव्हा फान्जिओच्या मनात आले होते. पण त्याने त्या सोडल्या नाहीत. १९४९ साली तो युरोपात गेला. त्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता. या वयात इतर चालक निवृत्तीचा विचार करू लागतात.

१९५० साली मोटारशर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी भूमध्य समुद्राकाठच्या मोनाको येथील शर्यतीत एक विलक्षण प्रसंग घडला. पहिल्याच फेरीत समुद्राची लाट उसळून रस्ता ओला झाला आणि बंदराजवळच्या वळणावर मोटारी एकमेकींवर आदळल्या. फान्जिओ सर्वांच्या पुढे असल्यामुळे त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. दुसऱ्या फेरीत तो त्या वळणाजवळ आला, तेव्हा प्रेक्षकांची नेहमीची उजळ चेहऱ्यांची रांग त्याला दिसली नाही. आघाडीवरच्या मोटारीकडे पाठ फिरवून लोक दुसरीकडेच काहीतरी पाहत होते. एवढ्यावरून त्याने पुढील संकट ओळखले, ब्रेक दाबले आणि अडकलेल्या मोटारींमधून हळूच वाट काढली. ती शर्यत त्यानेच जिंकली.

पुढल्याच वर्षी, १९५१ मध्ये, तो जगज्जेता झाला. परंतु असे सावध चित्तही एकदा चुकले. १९५२ च्या जून महिन्यात विमानाची सोय न झाल्यामुळे तो पॅरिसहून रात्रभर स्वतः मोटार चालवीत इटलीतील माँझा येथे पोचला आणि विश्रांती न घेताच शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत मोटार उलटली व त्याची मान मोडली. ते वर्ष तसेच गेले.

१९५४ ते १९५७ या चारही वर्षी जगज्जेतेपद फान्जिओकडे राहिले. त्या काळी चालकांना आजच्यासारखी संरक्षक साधने नव्हती. दरवर्षी कोणी ना कोणी सहकारी शर्यतीत प्राणास मुकत असे. प्रेक्षकही सुरक्षित नव्हते. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मान येथे फान्जिओच्या डोळ्यांसमोर एक मोटार उडून गर्दीत पडली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. फान्जिओ त्या कल्लोळातून जेमतेम सुटला. या खेळाचे कौतुक करताना त्याची ही किंमत विसरता येत नाही.

त्याची सर्वांत गाजलेली शर्यत ४ ऑगस्ट १९५७ ची. जर्मनीत नुर्बुर्ग नावाचा एक जुना किल्ला आहे. मालवणजवळच्या मसुरे गावावर जसा भरतगड उभा आहे, तसाच हाही टेकडीवर उभा असून त्याच्याभोवती रानातून चढउतार करीत सुमारे तेवीस किलोमीटरांचा शर्यतीचा रस्ता फिरतो. कोकणातील घाटवळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या रस्त्याची थोडीबहुत कल्पना येईल. अशा बावीस फेऱ्या करावयाच्या होत्या. फान्जिओने हलकी मोटार वेगाने पळविण्यासाठी मुद्दामच अर्धेच पेट्रोल भरले होते. शर्यत निम्म्यावर आली, तेव्हा तो पेट्रोल घेण्यास व चाके बदलण्यास थांबला. या कामात अपेक्षेपेक्षा अधिक वेळ गेला आणि हॉथॉर्न व कॉलिन्स हे दोन तरुण इंग्रज चालक पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे गेले.

मग सेहेचाळीस वर्षांच्या फान्जिओने फेरीमागून फेरीत आधीचे उच्चांक मोडावयास प्रारंभ केला. जन्मभर जी मर्यादा त्याने सांभाळली होती, ती त्या दिवशी त्याने ओलांडली. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याने दोघांनाही मागे टाकले व साडेतीन सेकंदांच्या थोड्याशा अंतराने शर्यत जिंकली. तो विजय त्याला प्रिय होता. पण तशी मोटार पुन्हा चालविण्याची आपली इच्छा नाही, असे तो पुढे सांगत असे. त्या दिवसाच्या आठवणीने त्याला नीट झोप आली नव्हती.

१९५८ च्या फेब्रुवारीत क्यूबा देशातील हवाना येथे शर्यतीच्या आदल्या दिवशी तेथील क्रांतिकारकांनी त्याला हॉटेलातून पळवून नेले. आपल्या लढ्याकडे जगाचे लक्ष वेधावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी त्याला सन्मानाने वागविले व शर्यत झाल्यावर सोडून दिले. फान्जिओनेही त्यांच्याविषयी कटुता धरली नाही.

त्याच वर्षी ६ जुलै रोजी फ्रान्समधील र्‍हॅन्स येथे तो शेवटची शर्यत धावला. त्या शर्यतीत त्याचा जुना सहकारी मुसो मारला गेला. फान्जिओची मोटार बिघडलेली होती आणि आघाडीवरचा हॉथॉर्न त्याच्या मागे येऊन ठेपला होता. त्याला ओलांडले असते, तर फान्जिओ एक पुरी फेरी मागे पडला असता. हॉथॉर्नने आपला वेग कमी केला व वृद्ध सारथ्याचा मान राखला. फान्जिओ चौथा आला आणि मोटारीतून उतरला तो कायमचाच.

जागतिक स्पर्धेतील एक्कावन्न शर्यतींपैकी चोवीस त्याने जिंकल्या. पाच जगज्जेतेपदांचा त्याचा विक्रम २००३ साली जर्मनीच्या मिखाएल शूमाखर याने मोडला. तोवर शेहेचाळीस वर्षे लोटली होती. १९८६ साली बाल्कार्से येथे त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. १७ जुलै १९९५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ब्वेनोस आयरेस येथे त्याचे निधन झाले. त्याला नंतर बाल्कार्से येथे आणण्यात आले व तेथेच त्याचे दफन झाले.