जमिनीखालच्या नद्यांच्या मागावर : एदुआर-आल्फ्रेद मार्टेल



या वेळी चरित्रासाठी आम्ही जरा वेगळी व्यक्ती निवडली आहे. हे ना संत, ना पुढारी. फ्रान्समधले एक वकील, जे दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दोरशिडी घेऊन जमिनीच्या पोटात उतरायचे. त्यांचं नाव एदुआर-आल्फ्रेद मार्टेल. गुहांचं शास्त्र आज जगभर शिकतात, त्याचे ते जनक मानले जातात. पण आम्हाला हे चरित्र सांगावंसं वाटलं ते गुहांसाठी नाही, पाण्यासाठी. ते कसं, ते पुढे येईलच.

मार्टेल यांचा जन्म १ जुलै १८५९ चा, पॅरिसजवळच्या पोंत्वाझ गावचा. घरात वकिली, त्यामुळे मुलगाही वकील होणार हे ठरलेलंच. मन मात्र भूगोलात. सात वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर पिरेनीज डोंगरातली गार्गासची गुहा पाहिली आणि ती डोक्यात बसली ती कायमची. तरी कायद्याचं शिक्षण पुरं केलं, पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात काम सुरू केलं. वर्षभर कज्जे-खटले आणि सुट्टी लागली की दक्षिणेकडची गाडी!

इथे गुहा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आपल्या डोळ्यांसमोर लगेच अजिंठा-वेरूळ येतं. पण ती लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेली, काळ्या कातळात. मार्टेल ज्या गुहांत गेले त्या पाण्याने कोरलेल्या, चुनखडीच्या दगडात. (आपल्या हैदराबादच्या मंडळींपैकी काहींनी आंध्रातली बेलमची गुहा पाहिली असेल, ती या जातीची.) पावसाचं पाणी चुनखडी हळूहळू विरघळवतं, फटी रुंदावतात, त्यांची भुयारं होतात. दक्षिण फ्रान्समध्ये या दगडाची मोठमोठी पठारं आहेत. वर पाऊस पडतो पण ओढा नाही, नदी नाही, सगळं पाणी आत गडप! आणि खाली दरीत कुठेतरी डोंगराच्या पायथ्याला झरा फुटतो. मधे काय होतं कुणालाच माहीत नव्हतं. पठारावर जागोजाग खोल विवरं. काहींची तोंडं झुडपांत अशी लपलेली की शेजारून गेलं तरी कळू नये. मेंढपाळ म्हणायचे, यांना तळच नाही.

२७ जून १८८८ ला मार्टेल ब्रामाबिओला पोचले. तिथे बोनर नावाची एक छोटी नदी आहे. बोनर म्हणजे सुख. ही सुखाची नदी काम्प्रियू गावाजवळ जमिनीत शिरते आणि पलीकडे कड्याच्या उभ्या फटीतून गर्जत बाहेर पडते. पुराच्या वेळी बैल हंबरल्यासारखा आवाज येतो, म्हणून तिथे तिचं नाव ब्रामाबिओ, हंबरणारा बैल. दोन्ही टोकं गावाला माहीत होती, पण मधून कोणी गेलेलं नव्हतं. जवळपास ९० मीटरचा उतार, आत धबधबे, डोह, मिट्ट काळोख. हाती मेणबत्त्या आणि मॅग्नेशियमच्या फिती. गार पाण्यातून, कपारींना धरत मार्टेल आणि त्यांचे सोबती त्या दोन दिवसांत आरपार गेले. फ्रान्समध्ये गुहांच्या शास्त्राची सुरुवात याच दिवसापासून धरतात.

पुढच्या वर्षी पादिराक. हे एक प्रचंड भोक, तोंड सुमारे ३५ मीटर रुंद आणि ७५ मीटर खोल. लोककथा अशी की सैतानाने टाच आपटून ते पाडलं आणि संत मार्टिनचं खेचर त्यावरून उडी मारून पार झालं. ९ जुलै १८८९ ला मार्टेल, त्यांचे आतेमामेभाऊ गाबर्येल गोपिया, लुई आर्मां आणि एमिल फुल्किये दोरशिडीने तळाला गेले. तिथून एक वाट आणखी खाली उतरत होती आणि सुमारे १०० मीटर खोलीवर, काय आश्चर्य, शांत वाहणारी नदी! मग घडीची कापडी होडी खाली उतरवली. होडीचं नाव 'मगर'. दोघे त्यात बसून मेणबत्तीच्या उजेडात सुमारे दोन किलोमीटर आत गेले. मधे चुन्याचे नैसर्गिक बांध आडवे येत, तिथे होडी उचलायची आणि पलीकडे ठेवायची. मेणबत्त्या विझल्या असत्या तर? आम्ही वाचताना इथे थांबलोच.

लुई आर्मां हे नाव लक्षात ठेवावं. हे ल रोझिये गावचे लोहार. शिकलेले वकीलसाहेब आणि गावचा लोहार, पण भोकात उतरताना जीव एकमेकांच्या हातात. मार्टेल आपल्या लिखाणात आर्मांचं श्रेय कधी विसरले नाहीत. १८९७ च्या सप्टेंबरमध्ये मेजां पठारावर आर्मांना एक अनोळखी भोक सापडलं, आणि आत पहिल्यांदा उतरले तेही आर्मांच. तळाशी मोठं दालन आणि त्यात दगडी झाडांचं जंगल! कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तसाच चुना थेंबाथेंबाने साठून खालून वर वाढलेले सुमारे ४०० खांब, एक तर ३० मीटर उंच. मार्टेलनी त्या विवराला नाव दिलं आर्मांचं.

आता पाण्याची गोष्ट. १८९१ च्या उन्हाळ्यात लोत जिल्ह्यात मार्टेल एका झऱ्याचं पाणी प्यायले. नितळ, गार पाणी. आणि आजारी पडले. जवळच बेरी नावाचं विवर होतं, त्याच्या तळाशी सडत पडलेलं वासरू सापडलं. त्याच्यावरून वाहिलेलं पाणीच झऱ्याला येत होतं. गावोगाव हीच रीत. जनावर मेलं की ढकल भोकात, नजरेआड झालं की संपलं.

लोक समजत होते की जमिनीत मुरलेलं पाणी शुद्धच असतं. माती-वाळूतून झिरपलेलं पाणी आपल्या वस्त्रगाळ पाण्यासारखं बरंचसं गाळलं जातं, हे खरं. पण चुनखडीत गाळणं नाहीच. तिथे नुसती नळी. वरून जे टाकाल ते खाली घागरीत! मार्टेलनी विवरात उतरून आणि पाण्यात रंग सोडून वरचं पाणी कुठल्या झऱ्याला निघतं ते दाखवायला सुरुवात केली. अशा पाण्याने विषमज्वर पसरतो हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. अखेर १५ फेब्रुवारी १९०२ च्या फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात विवरांत मेलेली जनावरं आणि कुजणारा कचरा टाकायला बंदी आली. त्यालाच लोक मार्टेलचा कायदा म्हणतात. मोठी पुस्तकं लिहिली, १८९५ मध्ये गुहाशास्त्राची संस्था काढली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये यॉर्कशरला गेपिंग गिल या सुमारे १०० मीटरच्या विवरात धबधब्याचा मारा अंगावर घेत तळ गाठला. पण आमच्या मते या सगळ्याहून तो कायदा मोठा. पादिराक पाहायला हौशी जातात, झऱ्याचं पाणी लेकुरवाळी बाई भरते.

१८९९ मध्ये त्यांनी वकिली सोडली ती कायमची. चांगली चालणारी वकिली सोडताना घरी काय झालं असेल, हा प्रश्न आम्हा बायकांना पडतोच. पत्नी ॲलीन या भूगर्भशास्त्रज्ञ लुई द लोने यांच्या भगिनी, त्यामुळे दगडांचं वेड माहेरूनच ओळखीचं असावं! १९०५ मध्ये मार्टेल व्हेर्दोंच्या खोल घळीतून होड्यांनी गेले, तेव्हाही आर्मां बरोबर होतेच.

आर्मां १९२१ मध्ये वारले. त्यांच्या नावाचं विवर १९२७ मध्ये लोकांना पाहण्यासाठी खुलं झालं, ते पाहायला ते नव्हते. मार्टेल ३ जून १९३८ ला गेले, ७९ वं वर्ष पुरं व्हायला महिनाभर कमी. पादिराकच्या त्या नदीत आजही नावाडी लोकांना होडीत बसवून आत नेतात, फक्त आता मेणबत्तीऐवजी विजेचे दिवे आहेत.